तिसऱ्या बाराचा शोध

१९८८ सालची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. जिल्ह्याच्या गावाहून आमच्या शाखेत रोकड आणायची होती. जीपमध्ये ड्रायव्हर, हेड कॅशियर, मी आणि बँकेचे बंदूकधारी रखवालदार असे चौघे. रखवालदार सैन्यातून निवृत्त झालेले, सातारा जिल्ह्यातले. सारी शाखा त्यांना ‘हवालदार’ म्हणे. पायाशी रोकडीच्या पेट्या आणि हवालदारांच्या मांडीवर बारा बोअरची दुनळी बंदूक. घाट उतरता उतरता टायर बसला. दिवेलागणीची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ड्रायव्हर जॅक लावतो आहे तोच समोरून तिघे जण चालत आले आणि आमच्याकडे पाहून थबकले.

हवालदार खाली उतरले. बंदूक त्यांनी खांद्याला लावली नाही, पण नळी जमिनीकडे ठेवून पाय रोवून उभे राहिले. त्या क्षणी मी कोणकोणते देव आठवले ते सांगत नाही. तिघांतला एक म्हणाला, “पंक्चर झालंय व्हय? सरा, आमी लावतो हात.” पुढच्या दहा मिनिटांत त्या तिघांनीच चाक बदलून दिले. खालच्या वाडीत लग्न होते, तिकडे निघाले होते बिचारे.

जीप सुरू झाली तरी हवालदार गप्पच होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “सायेब, ते तिघं हुते. माज्याकडं बार दोनच. तिसऱ्याचं काय करायचं, ह्योच इचार डोस्क्यात.”

तेव्हा मी हसलो. पण ते वाक्य मनात राहून गेले. पुढे वाचनाच्या नादात जुन्या बंदुकांचा इतिहास हाती लागला आणि ध्यानात आले की, हवालदारांना त्या घाटात पडलेला प्रश्न युरोपातल्या बंदूक कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या उराशी बाळगला होता. तिसऱ्याचे काय करायचे? एक बार उडाला की पुढचा ताबडतोब कसा उडवायचा? या एका प्रश्नापायी माणसाने जी अक्कल खर्च केली, ती पाहून आजही तोंडात बोट जाते. आणि थोड्या वेळाने ते बोट काढून माणूस विचारात पडतो.

एका बाराचा खटाटोप

ठासणीची बंदूक भरणे हा केवढा खटाटोप होता, हे आधी समजून घ्यायला हवे. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची. वर शिशाची गोळी सोडायची. गजाने ती तळापर्यंत ठासायची. गज जागेवर ठेवायचा. मग नळीच्या मागच्या बाजूला कान्यापाशी बारीक दारू, म्हणजे रंजक घालायची. तोड्याची बंदूक असेल तर जळता तोडा सांभाळायचा, चकमकीची असेल तर गारगोटी धड आहे ना ते पाहायचे. एवढे झाल्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. पाऊस आला तर रंजक भिजून सगळेच मुसळ केरात. अठराव्या शतकातला कवायती शिपाई चकमकीच्या बंदुकीतून मिनिटाला दोन-तीन बार काढू शकला तर तो तरबेज म्हणायचा. त्याआधी तोड्याच्या काळात तर मिनिटाला एक बारही पुष्कळ झाला.

म्हणजे दोन बारांच्या मध्ये सैनिक निव्वळ काठी घेऊन उभा. घोडेस्वार अंगावर येत असताना वीस-तीस सेकंद गज ठासत उभे राहायला काय काळीज लागत असेल, याची कल्पनाच करावी.

पहिला उपाय सुचला तो अगदी सरळ. नळ्या वाढवा. ‘ऐने अकबरी’त सतरा नळ्या एकत्र जोडून एकाच बत्तीने उडवायच्या यंत्राचा उल्लेख आहे. अकबराच्या दरबारातला फतहुल्ला शिराझी हा विद्वान अशा यंत्रांशी जोडला जातो, आणि अकबराने बोलावून घेण्यापूर्वी हा गृहस्थ विजापूरच्या आदिलशाही दरबारात होता. पण सतरा नळ्या एकदम उडणे वेगळे आणि एकामागून एक उडणे वेगळे. एकदम उडाल्या की पुन्हा सतरा नळ्या ठासत बसा. शिवाय ते ओझे खांद्यावर कोण घेणार?

दुसरा उपाय म्हणजे एकाच नळीत एकावर एक असे तीन-चार बार भरायचे आणि पुढून मागे एकेक पेटवायचा. यात अडचण एकच. आग पुढच्या बारावर थांबेल याची हमी नाही. सगळे एकदम पेटले तर बंदूक शत्रूऐवजी धन्यालाच गिळणार.

तिसरा उपाय फिरत्या कोठ्यांचा. नळी एकच ठेवायची, तिच्यामागे दारूगोळी भरलेल्या कोठ्यांचे चक्र बसवायचे आणि ते एकेक घर फिरवायचे. आज आपण ज्याला रिव्हॉल्व्हर म्हणतो त्याचे बीज हेच. ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली असेल असे वाटते, पण न्यूरेंबर्गच्या हान्स स्टोप्लर याने १५९७ साली आठ बारांची अशी बंदूक बनवली होती आणि ती आजही नॉर्वेतल्या लिलेहामर येथील संग्रहालयात आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या तेहतीस वर्षे आधी!

काल्टहॉफ आणि लॉरेंझोनी

पण खरी कमाल केली ती काल्टहॉफ घराण्याने. हे लोक मूळचे जर्मनीतल्या झोलिंगेनचे. तलवारींच्या पात्यांसाठी ते गाव तेव्हाही प्रसिद्ध होते. घरातले भाऊबंद पोटासाठी देशोदेशी पांगले. पेटर काल्टहॉफने १६४१ साली हॉलंडमध्ये आपल्या बंदुकीचा हक्क नोंदवला, मॅथियास डेन्मार्कला गेला, कास्पर लंडनला. त्यांच्या बंदुकीत दारूची कोठी वेगळी आणि गोळ्यांची वेगळी. चापाभोवतीची जी कमान असते ती एकदा बाजूला फिरवून परत आणली की गोळी नळीत जाई, तिच्यामागे मोजकी दारू जाई आणि बंदूक बारासाठी तयार होई. दोन हालचाली, एक-दोन सेकंद. काही बंदुकांत पाच-सात, तर काहींत तीस बारांपर्यंत मालमसाला राही.

यातली खुबी पाहा. दारूच्या कोठीपासून नळीपर्यंत सरळ वाट ठेवली तर बार उडताच ज्वाळा उलट कोठीत शिरणार. म्हणून त्यांनी त्या कमानीतच एक छोटी वाटी बसवली. ती दस्त्याकडून दारू घ्यायची, नळीपाशी नेऊन रिकामी करायची आणि बाजूला व्हायची. विहिरीवरचा मोट हाकणारा जसा पाणी पाटात सोडून पुन्हा खाली उतरतो, तसे. विहीर आणि पाट यांची थेट गाठ कधीच पडू द्यायची नाही.

डेन्मार्कच्या राजाने आपल्या खास पहारेकऱ्यांसाठी अशा सुमारे शंभर बंदुका घेतल्या. स्वीडिश फौजेने १६५८-५९ मध्ये कोपनहेगनला वेढा घातला, त्या वेळी त्या वापरल्या गेल्या असे मानतात.

फ्लॉरेन्सच्या मिकेले लॉरेंझोनीने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसरी वाट काढली. त्याच्या पिस्तुलाच्या डाव्या अंगाला एक तरफ असे. नळी जमिनीकडे करून ती फिरवायची. आतला गोल ठोकळा फिरे, त्याच्या एका खळग्यात गोळी पडे, दुसऱ्यात दारू. तरफ परत आणली की दोन्ही नळीच्या तोंडाशी. त्याच हालचालीत घोडाही चढे आणि रंजकही पडे. सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे! लंडनच्या आरमार खात्यातला अधिकारी सॅम्युएल पीप्स याने १६६२ सालच्या आपल्या रोजनिशीत सात वेळा उडणाऱ्या एका बंदुकीची मनापासून तारीफ केली आहे आणि ती नुसते खेळणे नाही, असेही आवर्जून नोंदवले आहे. लॉरेंझोनी पद्धतीच्या बंदुका पुढे इंग्लंडात झाल्या, अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १७५६ साली त्यांची वर्तमानपत्रात जाहिरातही झाली.

मात्र लॉरेंझोनीच्या रचनेत दोष होता. तो फिरता ठोकळा झिजला, केसाएवढी फट पडली, की ज्वाळेला दस्त्यातल्या दारूची वाट मोकळी. आणि दस्ता कुठे? तर माणसाच्या हातात, गालापाशी.

भागधारकांना जखमी करणारी तोफ

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला जेम्स पकल याची कथा सगळ्यांत जवळची वाटते. हा काही लोहार नव्हे, लंडनमधला कायदेपंडित. कागदपत्रे साक्षांकित करणे हा त्याचा व्यवसाय. १७१८ साली त्याने तिपाईवर ठेवायच्या एका तोफवजा बंदुकीचे पेटंट घेतले. मागे कोठ्यांचे चक्र, ते हाताने फिरवायचे, मळसूत्राने नळीला घट्ट आवळायचे आणि बार काढायचा. पेटंटच्या नकाशात दोन प्रकारची चक्रे दाखवली आहेत. ख्रिस्ती शत्रूंसाठी गोल गोळ्यांचे आणि तुर्कांसाठी चौकोनी गोळ्यांचे. कारण चौकोनी गोळीची जखम अधिक वाईट! बुद्धी किती बारीक आणि माणुसकी किती आखूड असू शकते, याचा याहून बोलका दाखला सापडणे कठीण.

सरकारी अधिकाऱ्यांनी तोफ पाहिली आणि नापसंत केली. पकलने कंपनी काढून भाग विक्रीला ठेवले. हा १७२० च्या सुमाराचा, साउथ सी कंपनीच्या फुगवट्याचा काळ. लंडनमध्ये कोणीही उठावे, कंपनी काढावी आणि लोकांनी पैसे ओतावेत असे दिवस होते. (आपल्याकडे असे दिवस कधी येत नाहीत, असे म्हणायचे धाडस मी करणार नाही.) फुगा फुटल्यावर पत्त्यांच्या जोडावर या कंपन्यांची टिंगल छापली गेली. त्यात पकलच्या तोफेविषयीचा टोमणा असा, की या यंत्राने जखमी होतात ते फक्त त्याचे भागधारक.

गंमत म्हणजे तोफ वाईट नव्हती. १७२२ साली धो धो पावसात झालेल्या एका प्रात्यक्षिकात तिने सात मिनिटांत त्रेसष्ट बार काढले. म्हणजे मिनिटाला नऊ! तेही ज्या पावसात साध्या बंदुकीची रंजक भिजून चिखल व्हायची त्या पावसात. पण सरकारचे मत एकदा झाले की झाले.

वाऱ्याची बंदूक

दारूनेच सगळी भानगड होते ना? धूर, काजळी, पावसाची भीती, उलटी ज्वाळा. मग दारूच नको, असे म्हणणारा कारागीर निघाला तो आल्प्सच्या डोंगरातला. बार्थोलोमेउस जिरार्दोनी. त्याने हवेवर चालणारी बंदूक बनवली आणि ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती १७८० च्या सुमारास प्रत्यक्ष वापरात घेतली. बंदुकीचा दस्ता म्हणजे हवा भरलेला लोखंडी बुधला. नळीच्या बाजूला वीसेक गोळ्यांची पन्हळ. बंदूक वर करून एक आडवा ठोकळा बोटाने सरकवला की गोळी नळीपुढे. चाप ओढला की बुधल्यातली थोडीशी हवा सुटून गोळी जाई. धूर नाही, आगीचा लोळ नाही, आवाजही कमी. वीस गोळ्या संपेपर्यंत ठासणीच्या बंदुकीवाल्याचा अजून दुसरा बार चालू असायचा.

मग साऱ्या युरोपने ही बंदूक का घेतली नाही? तो बुधला हाताच्या पंपाने भरायला सुमारे पंधराशे दट्ट्ये मारावे लागत! सायकलच्या चाकात हवा भरताना आपली जी अवस्था होते ती आठवा. बुधल्याचे सांधे आणि कातडी वायसर जरा ढिले झाले की हवा गळे, आणि ते दुरुस्त करायला शिकलेला माणूस लागे. पस्तीस वर्षांत ती सैन्यातून बाद झाली.

अमेरिका खंड पार करणाऱ्या मेरिवेदर लुईसने १८०३ साली मोहिमेवर जाताना जी हवेची बंदूक घेतली होती, ती याच जातीची असावी असे अभ्यासकांचे मत आहे. वाटेतल्या रहिवासी जमातींना तो ती उडवून दाखवी. पण प्रवासाच्या पहिल्याच दिवशी, पिट्सबर्गजवळ, पाहायला जमलेल्या लोकांपैकी कोणाच्या तरी हातून ती चुकून सुटली आणि चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. बाई कोसळली, सर्वांना वाटले गेलीच. सुदैवाने जखम वरवरची निघाली. यंत्राचे कौतुक चालले असताना समोर कोण उभे आहे ते विसरायला होते, ते असे.

हुशारी कमी पडली नाही, मग काय कमी पडले?

काल्टहॉफच्या बंदुकीचा एकेक भाग कानशीने घासून दुसऱ्या भागाशी जुळवलेला असे. एका बंदुकीची तरफ दुसऱ्या बंदुकीला बसत नसे. शंभर बंदुका म्हणजे शंभर वेगवेगळी यंत्रे. रणांगणात एक चाप मोडला तर काल्टहॉफलाच बोलवा! राजाच्या पहाऱ्याला हे परवडे, पन्नास हजारांच्या फौजेला नाही. आपल्याकडे महादजी शिंद्यांनी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडून तोफा-बंदुका बनवून घेतल्या, त्या साध्याच, पण पलटणींना पुरतील एवढ्या. त्या काळातल्या कोणत्याही शहाण्या सेनापतीने हेच केले असते. एका अजब बंदुकीपेक्षा हजार साध्या बऱ्या.

कोडे सुटले ते दोन बाजूंनी. एक बाजू रसायनाची. स्कॉटलंडमधला अलेक्झांडर फोरसाइथ नावाचा पाद्री पक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजक पेटल्याचा लखलखाट पाहून पाखरे गोळी पोचण्याआधीच उडून जात, याचा त्याला वैताग आला. त्याने नुसत्या ठोक्याने पेटणारे मिश्रण वापरून १८०७ साली पेटंट घेतले. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली. रंजक गेली, गारगोटी गेली.

दुसरी बाजू कारखान्याची. पॅरिसमध्ये ओनोरे ब्लां नावाच्या माणसाने १७८५ साली अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन यांच्यापुढे पन्नास बंदुकांच्या कळा सुट्ट्या करून ठेवल्या. जेफरसन यांनी हाताला येईल तो तुकडा उचलून स्वतः काही कळा जोडल्या आणि त्या जुळल्या! कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसतो, ही गोष्ट आज आपल्याला सायकलच्या दुकानातही गृहीत धरायची सवय आहे. त्या दिवशी तो चमत्कार होता.

या दोन धाग्यांची गाठ मारली सॅम्युएल कोल्टने, आणि या गोष्टीला आपल्या देशाचा स्पर्श आहे. १८३० साली सोळा वर्षांचा हा पोरगा ‘कोर्व्हो’ नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याला निघाला. जहाजाचे सुकाणूचक्र म्हणा की नांगर ओढायचा रहाट, जे फिरते आणि हव्या त्या जागी अडकते, ते पाहून त्याला कल्पना सुचली आणि चाकूने लाकूड कोरून त्याने फिरत्या कोठ्यांचा नमुना बनवला, अशी हकिकत आहे. घोडा मागे ओढला की चक्र आपोआप एक घर पुढे जाऊन अडकणार, ही त्यातली मेख. परतल्यावर कारागिरांना द्यायला पैसे हवेत. तर पठ्ठ्या ‘कलकत्त्याचे डॉक्टर कूल्ट’ असे बिरुद लावून गावोगाव हसवणाऱ्या वायूचे प्रयोग करत फिरला! १८३६ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले, १८४२ मध्ये पहिला कारखाना बुडाला, १८४७ मध्ये मेक्सिकोच्या युद्धासाठी एक हजार पिस्तुलांची मागणी आली आणि मग त्याने मागे वळून पाहिले नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर बुडीत खात्यातला कर्जदार वर आला.

मधला वेळ

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण रिचर्ड गॅटलिंगचे नाव घेतल्याशिवाय ती पुरी होत नाही. हा शिक्षणाने डॉक्टर. अमेरिकेच्या यादवीत जखमी आणि रोगाने खंगलेले सैनिक परत येताना त्याने पाहिले. एका यंत्राने शंभर माणसांचे काम केले तर मोठ्या फौजा लागणार नाहीत आणि माणसे वाचतील, असे आपल्याला वाटले, असे त्याने १८७७ च्या एका पत्रात लिहून ठेवले आहे. १८६२ मध्ये त्याने हाताने फिरवायच्या अनेक नळ्यांच्या तोफेचे पेटंट घेतले. फौजा कमी झाल्या नाहीत. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी एकट्या ब्रिटिश सैन्याची एकोणीस हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली पुष्कळशी मशीनगनपुढे चालत जाऊन.

हुशारी वायाच गेली असेही नाही. यादवी संपल्यावर बंदुकांची मागणी घटली, तेव्हा रेमिंग्टन या बंदूक बनवणाऱ्या कंपनीने १८७३ साली टंकलेखन यंत्र बनवायचा करार केला. भाग नेमके कापायची तीच विद्या, तीच यंत्रे. आमच्या शाखेतल्या टेबलावर त्याच नावाचे यंत्र होते. त्यावर कर्जाच्या नोटिसा टाइप करताना कधी मनातही आले नाही, की हे कोणाचे वंशज आहे. एका दाबाला एक अक्षर, लगेच दुसरे, लगेच तिसरे.

त्या जुन्या कारागिरांना मी दोष देऊ शकत नाही. काल्टहॉफची ती छोटी वाटी पाहिली की आजही मान डोलते. पण ते सगळे मिळून जे काढून टाकायला झटत होते, ती होती दोन बारांमधली फुरसत. गज ठासायची ती वीस सेकंदे. त्या वेळात शिपाई मरायचा हे खरे. त्या वेळात कोणी पळून जायचे, कोणी हात वर करायचे, कोणाचा राग उतरायचा, हेही खरे.

काही महिन्यांनी मी हवालदारांना विचारले होते, “त्या दिवशी तुमच्या बंदुकीत सात बार असते तर?”

तेल लावलेले फडके घडी करत ते म्हणाले, “सात असते तर पैला उगीच ग्येला असता, सायेब. दोनच हुते, म्हणून आदी बगितलं, मानसं कोन हायेत त्ये.”

ते निवृत्त झाले त्या दिवशी बंदूक आणि काडतुसे जमा करून घ्यायचे काम माझ्याकडे होते. नोंदवहीत दर सहामाहीची ओळ होती. आरंभीची शिल्लक दहा. वापर निरंक. अखेरची शिल्लक दहा. मी काडतुसे दोनदा मोजली, खाली सही केली आणि हवालदारांनी कडक सलाम ठोकला.